गोंदेश्वराची अर्धी प्रदक्षिणा

निवृत्त माणसाला काही ना काही खूळ लागतंच. आमच्या ह्यांना कुंडीतल्या ढोबळ्या मिरच्यांचं लागलं, मला देवळांचं. टपाल खात्यात आयुष्यभर शिक्के मारले आणि सुटल्यावर दुसऱ्याच महिन्यात मूर्तिशास्त्राचा सहा आठवड्यांचा वर्ग लावला. तेव्हापासून मी देवळात गेले की देवाआधी खांब बघते, आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला सगळं समजावून सांगते. हे म्हणतात, "हिच्याबरोबर दर्शनाला गेलं की पुण्य थोडं आणि गृहपाठ फार."

फेब्रुवारीत आम्ही दोन दिवसांत दोन देवळं पाहिली, सटाण्याजवळच्या देवळाण्याचं आणि सिन्नरचं गोंदेश्वर. ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी जरूर जावं, म्हणूनच हे लिहायला बसले. पण खरं सांगायचं तर देवळं हे निमित्त होतं. मला माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, एक गोष्ट विचारायची होती आणि सरळ विचारायची हिंमत नव्हती.

आमची मनू, म्हणजे मानसी, लहान असताना माझ्या बदल्या व्हायच्या. म्हणून पहिलीत जाईपर्यंत ती सटाण्याला अक्कांपाशी वाढली. त्यांना ती 'मोठी आई' म्हणते. तीन वर्षांपूर्वी मनूचं लग्न झालं, तेव्हा थोरले दीर, आमचे दादा, जाऊन वर्ष झालं होतं. हळदीच्या वेळी बायका वाट्या घेऊन उभ्या राहिल्या, अक्काही पदर खोचून पुढे आल्या. मला एकदम व्याह्यांकडच्या बायकांचे चेहरे दिसले आणि मी म्हणाले, "अक्का, तुम्ही जरा आत पंगतीचं बघता का?" आवाज गोडच होता. अक्का आत गेल्या. भांडण नाही, तंटा नाही. पण त्या दिवसापासून 'सुमे'ची मी 'सुमनताई' झाले, 'तू'ची 'तुम्ही' झाले, आणि अक्कांनी आमच्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही.

आता मनूला सातवा महिना. पुढच्या रविवारी डोहाळजेवण. मनूनं मला बजावून ठेवलं होतं, "आई, पहिली ओटी मोठी आई भरेल. नाहीतर मी पाटावर बसणार नाही." हट्टीपणा तिनं माझ्याकडून घेतला असं अक्का म्हणायच्या. मी म्हणायचे, सटाण्याच्या पाण्यातून.

शुक्रवार : सटाणा आणि देवळाणे

अक्कांचं घर मळ्यात आहे. चारी बाजूंनी उन्हाळी कांद्याची हिरवीगार पात आणि मधे दोन खोल्या. आम्ही पोचलो तेव्हा चुलीवर वांगी भाजत होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पात घातलेलं भरीत आणि ठेचा. आमच्या नाशकात पाहुण्याला विचारून वाढतात, बागलाणात वाढून विचारतात. मी तिसऱ्या भाकरीला नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात चौथी ताटात पडली. ठेच्यानं ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी "छान झालाय, वहिनी" म्हणत ते खातच राहिले.

जेवणानंतर मी आवतण दिलं. "पुढच्या रविवारी मनूचं डोहाळजेवण आहे, अक्का. जेवायला या." पुढचं वाक्य गाडीत दहा वेळा घोकलं होतं. ते ओठांशी आलं आणि परत गेलं.

"बघू," अक्का म्हणाल्या, "गुडघे कसे राहतात त्याच्यावर हाय. तुम्ही चहा घेणार का, सुमनताई?"

चार वाजता आम्ही देवळाण्याला निघालो. अक्काच म्हणाल्या, "एवढं देवळाचं वेड हाय तं आमच्याकडचं बघा." जोगेश्वराचं हे देऊळ गावाच्या कडेला शांत बसलेलं आहे. कळसाचा भाग गेलाय, पण भिंती आणि खांब अजून बोलतात. दाराच्या चौकटीवर वेलीमागून वेली, खांबांवर नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, आरशात बघणाऱ्या बाया. आणि बाहेरच्या अंगाला जोडप्यांची शिल्पं आहेत, म्हणजे अगदी नको तितकी स्पष्ट. माझा वर्ग सुरू झाला. "यांना मैथुनशिल्पं म्हणतात. यात लाजण्यासारखं काही नाही, प्राचीन काळी..." हे तत्काळ समोरच्या कडुलिंबाचं निरीक्षण करू लागले. झाड साधंच होतं, पण पाच मिनिटं त्यांनी त्यावरची नजर हलवली नाही.

शेळ्या घेऊन एक म्हातारी ओट्यावर टेकली होती. तिनं विचारलं, "कोनता गावना शेतस तुम्ही?" अक्कांनी गाव सांगितलं, नातं सांगितलं आणि ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते माझे दीर. झाड बघाया आलेत."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "आम्ही पोरी व्हतो तं आमची माय आठे देवळात उनी का आमचे डोळे झाकायची. तिच्या बोटांत मोठ्या फटी व्हत्या."

यावर अक्का जे हसल्या! तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसले, आमची नजरानजर झाली, आणि आता विचारावं असं वाटलं. तेवढ्यात त्या उठल्या. "चला, म्हशीच्या धारेची वेळ झाली."

परतताना ह्यांनी मधे पडून गळ घातली, "वहिनी, उद्या सिन्नरला चला. रविवारचंही होऊन जाईल, आठवडाभर आमच्याकडे राहा."

"देवळाला येते," अक्का म्हणाल्या. "राहायचं नाय. संध्याकाळच्या गाडीला बसवून द्या मला."

म्हणजे माझ्या हातात एक दिवस होता.

शनिवार : सिन्नर

अक्का एका कापडी पिशवीनिशी गाडीत बसल्या. वाटेत ह्यांनी तीन ठिकाणी गाडी थांबवली. एकदा चहाला, एकदा पेरूला आणि एकदा भत्त्याला. चुरमुरे, फरसाण, कांदा आणि वर तळलेली मिरची. कुठल्याही प्रवासाला निघालो की अर्धा प्रवास ह्यांच्या पोटातून होतो. त्यामुळे उन्हं कोवळी असताना पोचायचं ठरवून आम्ही गोंदेश्वरापाशी पोचलो ते बाराच्या ठोक्याला.

फाटकातून आत गेलं की माणूस आधी गप्प होतो. मीसुद्धा झाले. मोकळं आवार, त्यात उंच जोतं, जोत्यावर मधोमध महादेवाचं मोठं देऊळ, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं आणि समोर नंदीचा मंडप. सगळं काळ्या दगडाचं. शिखर असं रचलंय की मोठ्या शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या माळा चढत जातात. फेब्रुवारीचं निळं आभाळ मागे असलं की त्या काळ्या दगडाची नक्षी कोरल्यासारखी नाही, विणल्यासारखी दिसते.

अक्का पायरीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कितलं भारी शे वं माय!" गडबडीत अहिराणी आली म्हणजे गोष्ट मनाला लागली, हे मला ठाऊक होतं.

चपला पायरीशी काढून आम्ही वर गेलो. देवळाच्या जोत्याला हत्तींची रांग आहे. नऊशे वर्षांच्या उन्हापावसानं काहींच्या सोंडा झिजल्यात, काहींची तोंडंच उरलीत, पण सगळं देऊळ पाठीवर घेऊन ते उभे आहेत. "याला गजथर म्हणतात," मी सुरुवात केली, "आणि ही शिखराची शैली भूमिज..."

अक्का ऐकत नव्हत्या. त्या वाकून एकेक हत्ती तपासत होत्या, बाजारात बैल बघावेत तशा. "हा बरा हाय. हा लय निगुतीनं केलाय, कानाच्या शिरा बघा. अन् हा," एका ओबडधोबड हत्तीपाशी थांबून त्या म्हणाल्या, "हा बाजाराच्या दिवशी केलेला. कारागिराला घरी जायची घाई व्हती."

मी सहा आठवडे वर्ग केला, पण असं काही मला दिसलं नव्हतं. मी निमूटपणे त्या हत्तीचा फोटो काढला.

सभामंडपात गारवा होता. जमिनीवर दगडी कासव, वर छतात कमळाच्या पाकळ्यांची वर्तुळं आणि खांब तर नुसते बघत बसावेत. खाली चौकोनी, वर अठकोनी, मग गोल, आणि प्रत्येक टप्प्यावर पट्ट्याच पट्ट्या: नाचणारे, मल्ल, ढोल वाजवणारे, रामायणातले प्रसंग. मी फोटो काढत एका खांबाची माहिती सांगत होते. बराच वेळ सांगितल्यावर मागे वळून पाहिलं, तर मागे कोणी नव्हतं. हे राखणदाराशी कांद्याच्या भावावर बोलत बाहेर उभे होते आणि अक्का दर्शन घेऊन प्रदक्षिणेला गेल्या होत्या.

म्हणून मीही प्रदक्षिणेला निघाले. महादेवाची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अभिषेकाचं पाणी उत्तरेला ज्या गोमुखातून बाहेर पडतं, ते ओलांडायचं नाही. तिथवर जायचं, माघारी फिरायचं, दुसऱ्या बाजूनं पुन्हा त्याच गोमुखापर्यंत यायचं आणि परत फिरायचं.

दक्षिणेच्या बाजूला मी दोन पावलं टाकली आणि कळलं की दगड तापलेत. चार पावलांवर मी टाचांवर चालू लागले, दहा पावलांवर पळू लागले. पश्चिमेला वळेपर्यंत साठीची बाई कांगारूसारखी उड्या मारत होती. वाटेतली शिल्पं कोणती होती ते मला विचारू नका. कशीबशी उत्तरेच्या सावलीत शिरले आणि भिंतीला हात टेकून उभी राहिले. समोर मगरीच्या तोंडाचं सुंदर गोमुख, त्याखाली ओलसर दगड, आणि पलीकडच्या अंगाला अक्का. त्यांची पहिली फेरी झाली होती आणि दुसऱ्या बाजूनं त्या तिथवर पोचल्या होत्या. त्यांच्या टाचांना मळ्याची सवय होती.

आता माझी पंचाईत झाली. मागे तापलेला दगड, पुढे गोमुख. पलीकडे गेलं की दोन पावलांवर मंडपाचं उत्तरेचं दार, आत गारवा. तीन वितींचं अंतर. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी इकडेतिकडे बघून पाय उचलला.

"सुमे! पाय ठेवू नको!"

तीन वर्षांनी ती हाक ऐकली. पाय तसाच हवेत राहिला.

"अक्का, तळवे भाजलेत हो माझे."

"भाजू दे. मोठी शास्त्र शिकून आली! खाली बस."

मी मुकाट्यानं फतकल मारून बसले. अक्कांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, गोमुखावरून हात लांब केला आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. त्या एवढ्या वाकल्या की त्यांच्या गुडघ्याची कटकट मला ऐकू आली. मग त्या जाऊ शकल्या असत्या. दार मागेच होतं. पण त्या पलीकडे खाली बसल्या, पाय लांब करून.

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अक्का," मी म्हणाले, "हळदीच्या दिवशी मी तुम्हाला आत पाठवलं ते पंगतीसाठी नाही. मुद्दाम पाठवलं. चुकलं माझं. फार चुकलं."

अक्का गोमुखाकडे बघत राहिल्या. "माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "आत पापड तळायला बाई व्हती. ती मनाली, तुम्ही कशाला आल्या, झाले पापड. मग बसले तांदळाच्या पोत्यावर. मी अन् एक मांजर. तुमची हळदीची गाणी ऐकली आम्ही दोघींनी."

मला रडू यावं की हसू, कळेना. दोन्ही आलं. अक्कांनी मला रडू दिलं. थांब म्हणाल्या नाहीत, राहू दे म्हणाल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

नाक पुसून मी म्हणाले, "मनूची पहिली ओटी तुम्ही भरायची. हे विचारायलाच काल आले होते."

"नको."

"लोकांचं मी बघून घेईन. कोण काय बोलतं ते..."

"लोकांचं नाय गं," अक्का म्हणाल्या. "माझंच मन भितं. उद्या पोरीला काही कमीजास्त झालं, तं मला वाटंल माझ्या हातानं झालं. मग मी कुठं जाऊ?"

सुधारणेची भाषणं मला पाठ होती, पण ती लोकांसाठी होती. समोर बसलेली बाई स्वतःच्याच हातांकडे भिऊन बघत होती, आणि ती भीती तिच्या मनात मीच तर पक्की केली होती. मी म्हणाले, "मनूला गोवर आला तेव्हा मी मनमाडला होते. आठ दिवस तिला कोणी मांडीवरून खाली ठेवलं नाही? काय झालं तिला त्या हातांनी?"

"तेव्हा हे व्हते."

"दादा शेतात होते, अक्का. मांडी तुमची होती."

मी फोन काढला, मनूला लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून मनू म्हणाली, "आई, कुठे आहात?"

"गोमुखापाशी हाय आम्ही," अक्काच बोलल्या. "तुझी आई पलीकडं अडकली. तळपाय भाजून घेतले तिनं."

मनू इतकी हसली की देवळाच्या भिंतीवरून हसू परत आलं. मग एकदम म्हणाली, "मोठी आई, रविवारी तू ओटी भरणार ना? मी दुसऱ्या कुणाकडून भरून घेणार नाही. सासूबाईंनाही सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, मग त्यात विचारायचं काय."

मी फोन गोमुखावरून पलीकडे दिला. अक्कांनी तो दोन्ही हातांत धरला. "खाते का नीट?" त्यांनी विचारलं. मग, "पाय सुजतात का?" मग, "बाळ फिरतं का गं पोटात?" प्रत्येक प्रश्नाला पलीकडून लांबलचक उत्तर येत होतं. मी भिंतीवरच्या एका अप्सरेकडे बघत बसले. तिच्याविषयी मला बरंच काही माहीत होतं, पण त्या वेळी एक शब्द आठवला नाही.

शेवटी अक्का फोनमध्ये म्हणाल्या, "किती वाजता हाय रविवारी?" आणि मला कळलं की झालं, जमलं.

तेवढ्यात हे जोत्याच्या कडेनं सावलीत आले. हातात चपला. "अगं, शोधतोय कधीचा! तुझे पाय भाजत असतील म्हणून चपला आणल्या. खाली जमिनीवरून जाऊ." प्रेमानं आणल्या होत्या, पण त्यातली एक माझी होती आणि दुसरी कुणातरी पुरुषाची, दोन नंबर मोठी. पायरीशी एक गृहस्थ हातात माझी दुसरी चप्पल धरून आमची वाट बघत होते. त्यांची माफी मागताना अक्का इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

गाडीत बसल्यावर ह्यांनी नाशिकचा रस्ता धरला. अक्का मागच्या सीटवर होत्या. फाट्याशी आल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला संध्याकाळच्या गाडीला बसवू नका."

"नाहीच बसवत, वहिनी. सरळ घरी जायचं."

"घरी नाय. सटाण्याला घ्या गाडी."

ह्यांनी गाडी कडेला घेतली. आम्ही दोघांनीही मागे वळून पाहिलं. सटाण्याहून तर आम्ही सकाळी निघालो होतो.

"पेटीत दुपटी हायेत," अक्का म्हणाल्या. "बारा. ह्यांच्या धोतरांची शिवलीत. मऊ झाली व्हती धोतरं, बाळाला टोचत नाय. चार झबली हायेत, टोपडीबी हायेत. मनूचं कळलं त्याच आठवड्यात शिवाया घेतली."

"मग काल का नाही दाखवलीत, अक्का?" मी म्हणाले. "काल तर आम्ही घरीच होतो."

"काल तू जेवायचं आवतण घेऊन आलती," अक्का म्हणाल्या.

ह्यांनी गाडी वळवली. मी पुढचं दार उघडून उतरले आणि मागे अक्कांच्या शेजारी जाऊन बसले.